कुंभारकावळा

मागच्या जूनमधली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून सकाळी जरा उघडलं होतं आणि मी डबे भरून झाल्यावर चहाचा कप घेऊन पार्किंगच्या मागच्या कठड्याशी आले होते. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, वर्षानुवर्षं तसाच पडलेला. घाणेरी, सुबाभूळ, आणि कुणीतरी कधीतरी आणून टाकलेल्या राडारोड्यावर चढलेली गुळवेल. त्या राडारोड्याच्या ढिगावर तो बसला होता. दोन्ही पंख सैल सोडून, शेपटी पसरून, पाठ उन्हाकडे करून, ओली छत्री उघडून वाळत ठेवावी तसा. आमच्याकडे जिना पुसायला येणाऱ्या मावशी नळाशी बादली भरत होत्या. त्यांनी मला हळूच हाक मारली, "ताई, बघा की, कुंभारकावळा बसलाय." आणि मी एका सेकंदाचाही विचार न करता म्हणाले, "कावळा नाही मावशी तो. भारद्वाज आहे."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "असंल," म्हणाल्या. "आमच्याकडं कुंभारकावळाच म्हनत्यात." बादली उचलली आणि जिन्याकडे गेल्या.

एवढंच. यात भांडण नाही, अपमान नाही, कुणी मनाला लावून घ्यावं असं वरवर काही नाही. पण मला ते दिवसभर खुपत राहिलं. आठ वर्षं त्या आमच्याकडे येतायत, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला आपणहून काहीतरी दाखवलं होतं. पगार वाढवा, नळ गळतोय, चौथ्या मजल्यावरच्यांनी कचरा बाहेर ठेवलाय, याच्या पलीकडचं काहीतरी. त्यांना तो पक्षी मला दाखवावासा वाटला आणि मी त्यांच्या हातात त्याचं नाव दुरुस्त करून परत दिलं. ते नाव चूक होतं का, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला फक्त माझं नाव बरोबर आहे एवढं माहीत होतं.

खरं तर माझ्या स्वतःच्याच घरात या पक्ष्याला दोन नावं होती. आमचं गावचं घर रत्नागिरीच्या बाजूला, घराच्या मागे उतरती बाग, आंबे-फणस कमी आणि बाकी रान जास्त. आजोबा ओटीवरून त्याला भारद्वाज म्हणायचे आणि आजी मागीलदारातून कुकुडकोंबा. लहानपणी मला कितीतरी दिवस हे दोन वेगळे पक्षी वाटायचे. भारद्वाज हा पुढच्या अंगणात, गडग्यावर दिसणारा, ज्याला हात जोडायचे. कुकुडकोंबा हा मागे, विहिरीच्या बाजूला, जो आजीच्या शिव्या खायचा. आजोबांची जमिनीची एक केस चालू होती, माझ्या आठवणीत कायमच चालू होती, आणि तारखेच्या दिवशी ते पहाटेच उठून, धोतर नेसून, कागदांची पिशवी काखेत मारून ओटीवर उभे राहायचे. एसटी साडेसातची. पण सातपासून ते गडग्याकडे नजर लावून असायचे. तो दिसला की चपला काढून नमस्कार करायचे आणि आत वळून मोठ्याने सांगायचे, "भारद्वाज दिसला गं! आज काम होणार." काम व्हायचं नाही. पुढची तारीख मिळायची. पण तो दिसला होता म्हणून संध्याकाळी ते घरी परत यायचे ते तसे शांत असायचे, ज्या दिवशी दिसायचा नाही त्या दिवशी मात्र जेवताना कुणाशी बोलायचे नाहीत.

आजीचा राग वेगळ्याच कारणाने. विहिरीजवळच्या जास्वंदीत दरवर्षी बुलबुल घरटं करायचे आणि हा त्यांची अंडी खायचा. मी स्वतः बघितलंय. जास्वंद गदागदा हलतेय, बुलबुलांची जोडी वर जीव तोडून ओरडतेय, आणि आतून तो शांतपणे बाहेर येतो, घाई नाही काही नाही, जमिनीवर उतरतो आणि एखाद्या भारदस्त माणसासारखा पावलं टाकत कुंपणात निघून जातो. आजी हातातलं असेल ते फेकायची. एकदा तिने नारळाची करवंटी फेकली होती. "मेल्या कुकुडकोंब्या, तुझं तळपट होवो!" आणि पुढे ओटीवर त्याच पक्ष्याला नमस्कार. मला त्या वयात याचं काहीच वाटलं नाही, घरात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

त्यात आमचं गोत्र भारद्वाज. मुंजीत, लग्नात, श्राद्धाला भटजी म्हणायचे ना ते "भारद्वाजगोत्रोत्पन्न", ते ऐकून माझी पक्की समजूत होती की आमचं घराणं त्या पक्ष्यापासून सुरू झालंय. मी शाळेत एका मैत्रिणीला अगदी गंभीरपणे सांगितलंही होतं की आमचे पूर्वज लाल डोळ्यांचे होते. पुढे लग्न झालं, माझं गोत्र बदललं, वेगळ्या ऋषींच्या नावाने मी आता ओळखली जाते, पण त्या दिवशी कठड्याशी उभी राहून मी "भारद्वाज आहे" म्हणाले ना, त्या आवाजात ती जुनी मालकी होती असं मला नंतर वाटलं. आमचा आहे तो, आम्ही म्हणू ते नाव.

मग मी शोधायला लागले. रात्री सगळे झोपल्यावर, मोबाइलवर, नंतर काही जुने कोश डाउनलोड करून.

पहिली गोष्ट जी मला सापडली तिने मी उठून बसले. अमरकोशात पक्ष्यांच्या ओळी आहेत, त्यात आहे "व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः". म्हणजे भरद्वाज हे पक्ष्याचं नाव फार जुनं आहे हे खरं. पण संस्कृतच्या कोशांमध्ये या भरद्वाजाचा अर्थ बघायला जावं तर तिथे आमचा हा लाल पंखांचा कावळ्याएवढा पक्षी नाहीच, तिथे आहे चंडोल! मोनियर विल्यम्सच्या १८९९च्या कोशातही तेच. तो मातकट, चिमणीपेक्षा जरासा मोठा, माळावर जमिनीत घरटं करणारा, गात गात सरळ आभाळात चढणारा चंडोल. हिंदीत त्यातल्या एका जातीला भरत म्हणतात, त्यातही जुन्या भरद्वाजाचाच आवाज ऐकू येतो. आणि आमचा हा? याला धड उडता येत नाही. चार वेळा पंख मारायचे आणि उरलेलं अंतर घसरत जाऊन पुढच्या झुडपात कोसळायचं, असं याचं उडणं. गाण्याचं तर सोडाच. मी ज्या नावाने मावशींना दुरुस्त केलं होतं ते नाव मुळात दुसऱ्याच पक्ष्याचं, मराठीत येऊन याच्या डोक्यावर बसलेलं.

त्याच अमरकोशात थोडं पुढे डोमकावळ्याचं नाव आहे, द्रोणकाक. महाभारतातल्या भरद्वाजांचा मुलगा द्रोण. बाप चंडोल आणि मुलगा डोमकावळा. हे वाचून मी रात्री एक वाजता एकटीच किती वेळ खूष होते ते मला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट इंग्रजी नावाची. इंग्रजीत याला कूकल म्हणतात. हे नाव फ्रेंच, आणि ते प्रचारात आणलं फ्रान्स्वा लव्हायां नावाच्या पक्षी-अभ्यासकाने, जो १७८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत केपच्या बाजूला हिंडत होता. तिथे याच कुळातले याचे भाऊबंद आहेत. कूकल हा शब्द दोन फ्रेंच शब्द जोडून झालाय असं मानतात, एक कूकू म्हणजे कोकीळ, कारण हा खरोखरच कोकिळेच्या घराण्यातला आहे, कावळ्याशी याचं काही नातं नाही. आणि दुसरा शब्द आलुएत. आलुएत म्हणजे चंडोल.

चंडोल! मी परत परत वाचलं.

फ्रेंचांनी चंडोल आणला तो पायामुळे. चंडोलाच्या मागच्या बोटाची नखी लांब आणि सरळ असते, याचीही तशीच असते. याचं शास्त्रीय नाव सेंट्रोपस सायनेन्सिस, त्यातल्या सेंट्रोपसचा अर्थच ग्रीकमध्ये काट्याच्या पायाचा. सायनेन्सिस म्हणजे चीनचा, कारण १८१५ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा नमुना तिकडचा होता. आपल्या गडग्यावरचा, आजोबांच्या नमस्काराचा पक्षी कागदोपत्री चिनी आहे.

ती नखी मी बघितली आहे. अगदी हातभर अंतरावरून. मी तेव्हा चौथीत असेन. माटाच्या वाफ्यावर कोंबड्या येऊ नयेत म्हणून काकाने मासे मारायची जुनी जाळी टाकली होती आणि सकाळी त्यात हा अडकलेला. धडपडून धडपडून थकलेला, चोच उघडी, श्वासाबरोबर सगळं अंग वरखाली होत होतं. लांबून काळा दिसतो पण जवळून काळा नाहीच तो. मानेवर निळं, मध्येच जांभळं, ब्लेडवर तेल सांडल्यासारखं. मानेची पिसं राठ, एकेका पिसाची काडी वेगळी चमकत होती. पंख मात्र मंद, तांबूस-विटकरी, त्याला अजिबात चकाकी नाही. आणि डोळा. त्या लाल डोळ्याच्या मधला काळा ठिपका लहानमोठा होत होता, तेवढंच त्याच्यात हलतंय असं एक क्षण वाटलं. काकाने टॉवेल टाकून त्याला धरलं आणि विळीच्या टोकाने एकेक दोरा कापायला घेतला. एक पाय मोकळा झाला तसा त्याने काकाचं बोट पकडलं. दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि मागच्यातल्या एका बोटाला ती नखी, बाकीच्या नख्यांपेक्षा कितीतरी लांब, सरळ, दाभणासारखी. काकाच्या बोटातून रक्त आलं. काका काही बोलला नाही, दोरे कापत राहिला. आजी परसदारात उभी होती, शिव्या न देता, वाटीत पाणी घेऊन. शेवटी काकाने टॉवेल काढला तेव्हा तो उडाला नाही. चालत गेला. वाफा ओलांडून, पाटाचं पाणी ओलांडून, कुंपणात. आजीने वाटीतलं पाणी तो जिथून गेला तिथे ओतलं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाही.

आमच्याकडे कामाला येणारा गडी त्याच दिवशी मला म्हणाला होता, सोडला कशाला, पिल्लाला साखळीने बांधलं असतं तर त्याने संजीवनीची मुळी आणली असती. ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत होती. भारद्वाजाच्या पिल्लाच्या पायात लोखंडी साखळी अडकवायची, मग तो रानातून अशी मुळी शोधून आणतो की साखळी तुटते, आणि ती मुळी घरट्यात राहते ती आपण घ्यायची. आता माझी केरळची एक कलीग आहे, तिला मी फोटो पाठवला तर तिने अगदी हीच गोष्ट सांगितली, फक्त तिकडे मुळीचं नाव नीलक्कोडुवेली. तिच्याकडे पक्ष्याला उप्पन म्हणतात, चेम्बोत्त पण म्हणतात, आणि तिकडची समजूत अशी की कुचेल, म्हणजे आपला सुदामा, कृष्णाला भेटायला निघाला तेव्हा त्याला वाटेत हाच पक्षी दिसला होता. म्हणजे कोर्टात जाणारे आजोबा सुदामाच्याच वाटेने निघालेले म्हणायचे, काखेत पिशवी दोघांच्याही. तेलुगूत याला जेमुडु काकी म्हणतात, निवडुंगासारख्या काटेरी झुडपातला कावळा. हिंदीत महोख. ती मुळीची गोष्ट ऐकायला गोड आहे पण त्या गोष्टीपायी किती घरटी उचकटली गेली असतील, किती पिल्लांच्या पायात तारा अडकवल्या गेल्या असतील, ते मनात आलं की नको वाटतं. कुणीतरी भाबडेपणाने केलेलं असतं हे सगळं, पण पिल्लाला त्याचं काय.

इंग्रजांनी याला क्रो फेझंट नाव दिलं होतं, कावळ्यासारखा फेझंट, आणि फेझंट म्हणजे त्यांच्याकडे शिकार करून खातात तो कोंबडीच्या जातीचा पक्षी. विलायतेहून नवीन आलेले शिपाई त्याला खराच फेझंट समजून मारायचे, भाजायचे आणि पहिल्या घासाला थुंकून टाकायचे, इतकं मांस वाईट. नव्या माणसाला त्यांच्यात ग्रिफ म्हणत, म्हणून पक्ष्याचं नाव पडलं ग्रिफचा फेझंट. एक नाव त्या बिचाऱ्या पक्ष्याला असंही मिळालं, मरून.

आणि ऋषी? ऋषींच्या नावाकडे मी सगळ्यात शेवटी आले, कारण ते मला माहीत आहे असं वाटत होतं. भरत् आणि वाज. वाज म्हणजे बळ, धन, अन्न. ते वाहून आणणारा तो भरद्वाज. ऋग्वेदाचं सहावं मंडल या घराण्याचं. पण पुराणांनी या नावाची फोड वेगळी केली आहे आणि ती मला जास्त लागली. विष्णुपुराणात आहे ती. ममता आणि बृहस्पती यांचं हे मूल, बृहस्पतीच्या भावाच्या बायकोचं, म्हणजे दोघांनाही नको असलेलं. ती त्याला म्हणते "भर द्वाजम्", दोघांपासून झालेल्या याला तू सांभाळ. तो तिला म्हणतो, तू सांभाळ. आणि दोघंही निघून जातात. मूल तिथेच राहतं आणि नाव पडतं ते त्या भांडणातल्या शब्दांचं. पुढे मरुतांनी वाढवलं त्याला. मी भटजींच्या तोंडून शंभर वेळा हे नाव ऐकलं, आणि त्या नावात आईबाप एकमेकांकडे मूल ढकलतायत हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आता हा पक्षी बघा. कोकिळेच्या घराण्यातला. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी टाकते हे आपण शाळेत शिकतो. पावशाही तसाच, चातकही तसाच, दुसऱ्याच्या घरी पोरं वाढवायला टाकणारे. हा मात्र तसं करत नाही. पाऊस सुरू झाला की काटेरी गचपणात स्वतः घरटं बांधतो, चेंडूसारखं, बाजूने दार ठेवलेलं, नर आणि मादी दोघंही राबतात, तीन-चार अंडी, दोघंही पिल्लांना भरवतात, गोगलगायी, सुरवंट, सरडे, आणि हो, बुलबुलांची अंडीसुद्धा. दोघांचं पोर दोघं सांभाळतात. हे नाव याला देणाऱ्या माणसाच्या मनात यातलं काही असेल असं मी म्हणत नाही. पण मला आता ते नाव घेताना हे डोळ्यासमोर येतं.

आणखी एक. चरकसंहितेची सुरुवातच भरद्वाजांपासून आहे. माणसं आजारी पडायला लागली तेव्हा ऋषी जमले आणि इंद्राकडे जाऊन आयुर्वेद शिकून आणायचं काम भरद्वाजांनी अंगावर घेतलं. मुळ्या, औषधं, दीर्घ आयुष्य यांचं ज्ञान आणणारा भरद्वाज आणि रानातून संजीवनी आणणारा भारद्वाज. आमच्या गड्याने चरकाचं नाव ऐकलेलं असायचं कारण नव्हतं. पण कुठून तरी कुठे तरी काहीतरी झिरपत आलं असणार असं मला मनापासून वाटतं.

एवढं सगळं मी वाचलं, आणि कुंभारकावळा मात्र राहिलाच. त्याच्याबद्दल कोशांत फक्त एवढंच, भारद्वाजाचं दुसरं नाव. सोनकावळा, कुक्कुडकुंभा, कुंभारकावळा, रांगेने. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की हे रंगावरून असणार. ते पंख बघा ना, भट्टीतून काढलेल्या मडक्याचाच रंग आहे तो. काळं अंग म्हणजे धुराने काळवंडलेला कुंभार आणि पंख म्हणजे त्याची मडकी. मला माझंच हे स्पष्टीकरण फार आवडलं होतं.

श्रावणात एका सकाळी मावशी पुन्हा नळाशी होत्या. तो दिसत नव्हता पण प्लॉटमधून आवाज येत होता, कूप कूप कूप कूप, खोल, घुमणारा, कुठून येतोय ते न कळणारा. मी खाली गेले. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी उगाच तुम्हाला बोलले. कुंभारकावळाच बरोबर आहे." त्या नुसत्या हसल्या. मग मी विचारलं, त्याच्या पंखांचा रंग मडक्यासारखा आहे म्हणून तुमच्याकडे तसं म्हणतात का?

"रंग?" त्या म्हणाल्या. "रंगाचं काय न्हाई वो ताई. आवाज ऐका की."

त्यांचं गाव माण तालुक्यात. तिकडे उन्हाळ्यात पाण्याला लांब जावं लागायचं, त्या सांगायला लागल्या, पोरी पोरी रिकाम्या घागरी घेऊन निघायच्या आणि वाटेत घागरीत तोंड घालून त्याच्यासारखा आवाज काढायच्या. ओढ्यातून तो उत्तर द्यायचा. ज्या पोरीला उत्तर मिळालं तिचा नंबर पाण्याला पहिला. "हितं घागर कुठनं आनू," म्हणाल्या आणि त्यांनी हातातली निळी प्लॅस्टिकची बादली उलटी करून झटकली, आडवी धरली, पदर खांद्यावरून नीट मागे घेतला आणि चेहरा आत घातला.

कूप. कूप. कूप. कूप. कूप.

तोच आवाज. अगदी तोच. मातीच्या पोटातून यावा तसा, शेवटी शेवटी खाली उतरत गेलेला. पार्किंगमध्ये गाडी पुसणारा मुलगा हातातलं फडकं तसंच धरून बघत राहिला. मला कुक्कुडकुंभा या नावातला कुंभ तेव्हा ऐकू आला, आणि आजीचा कुकुडकोंबाही. मावशींनी बादलीतून चेहरा बाहेर काढला तेव्हा तोंड लाल झालं होतं आणि गालाला पाणी लागलं होतं.

"तुम्ही करून बघा," म्हणाल्या.

मी करून बघितलं. मला नाही जमलं, नुसतीच हवा गेली. त्यांनी बादली माझ्या हातातून घेऊन थोडी तिरकी केली, माझी हनुवटी बोटाने खाली दाबली, "हितनं काडा, पोटातनं," म्हणाल्या. दुसऱ्यांदा जरासं जमलं. मग त्यांनी बादली नळाखाली ठेवली, कारण साडेनऊला पाणी जातं आणि अजून दोन जिने राहिले होते.